तुम्ही विचारलंत म्हणून : पाकिस्तानचा रणगाडा जपायचा कशाला?

आमच्या आष्टी तालुक्याला बीडपेक्षा नगर जवळ. दवाखाना असो की लग्नाचा बस्ता, माणसं नगरलाच जातात. पाहुणे सोबत असले की मी त्यांना तिथल्या रणगाडा संग्रहालयात नेतो. पॅटन रणगाड्यासमोर उभं राहिलं की प्रश्न ठरलेला असतो : "दाजी, हा तर पाकिस्तानचा. आपल्याला मारायला आलेला. त्याला रंग देऊन जपायचं कशाला? भंगारात घातला असता तर चार पैसे आले असते." मी ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलात, रणगाड्यांचा मेकॅनिक होतो, म्हणून हा प्रश्न माझ्याच वाट्याला येतो. गावातली पोरंही विचारतात. उभ्याउभ्या सांगण्यासारखं उत्तर नाही, म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, लढाईचं हत्यार पुष्कळदा शत्रूकडेच टिकतं. ज्याचं असतं तो नवं आलं की जुनं वितळवून मोकळा होतो. जर्मनीने पहिल्या महायुद्धात ए-सेव्हन-व्ही नावाचे रणगाडे बनवले, जेमतेम 20. त्यातला आज जगात एकच शिल्लक आहे, मेफिस्टो नावाचा, आणि तो आहे ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला. 1918 मध्ये फ्रान्समध्ये तो खड्ड्यात अडकून पडला होता. ऑस्ट्रेलियन सैनिकांनी तो ओढून आणला, म्हणून वाचला.

एवढं लांब तरी कशाला जायचं, आपल्या परंड्याचंच बघा. मुलुखमैदान तोफ 1549 साली नगरला ओतली गेली, निजामशाहीसाठी. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यावर होती. 1632 मध्ये आदिलशाहीवाल्यांनी ती विजापूरला नेली. सुमारे 55 टनांचं धूड, त्या काळात, बैल-हत्ती जुंपून! तिथे ती मिरवली गेली, सांभाळली गेली. 1854 मध्ये इंग्रज अमलात तिचा लिलाव निघाला. बोली आली 150 रुपयांची. सुदैवाने ती विक्री रद्द झाली, म्हणून आज विजापूरच्या बुरुजावर तिला हात लावता येतो. भंगाराचे चार पैसे म्हणता ना, ते हे असे.

आता पॅटनकडे येतो. 8 ते 10 सप्टेंबर 1965, भारत-पाक युद्धातली पंजाबात खेमकरणजवळच्या असल उत्तर गावची लढाई. पाकिस्तानचे अमेरिकन बनावटीचे नवे पॅटन चालून आले. आपल्या लोकांनी उसाच्या रानात पाणी सोडलं आणि 45 टनांच्या आसपासचे ते रणगाडे, पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात ट्रॅक्टर रुततो तसे, पोटापर्यंत रुतले. कित्येक तर चालकांनी आहे तसे सोडून दिले. जळालेले आणि हाती लागलेले धरून आकडा शंभराच्या जवळ गेला. आपल्या सैन्यातल्या अब्दुल हमीदांनी जीपवरच्या तोफेने पॅटन फोडले ते याच लढाईत. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

त्या उसात डेक्कन हॉर्स ही आपली रणगाड्यांची पलटणही होती, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे. ही पलटण मुळात निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचं घोडदळ. त्या घोडदळाच्या छावण्या मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला, आणि हिंगोलीला असायच्या. 1965 मध्ये तिचे कमांडर होते अरुण वैद्य, जे पुढे लष्करप्रमुख झाले. त्यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन रणगाडे होते. पॅटनच्या समोरच्या कवचापुढे शर्मनची तोफ तोकडी. म्हणून ते उसात दबा धरून राहिले, पॅटनला पुढे येऊ दिलं आणि बगलेत मारलं.

हे पुस्तकात वाचता येतं, पण मला ते लोखंडावर वाचायला मिळालं. नोकरीत असताना एका पॅटनच्या बुरुजाला, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाला, बाजूने पडलेलं भोक मी बोटाने चाचपलं होतं. बाहेरची कड गोल, तिथलं पोलाद तापून बाहेरच्या अंगाला उलटलेलं. आत बोट घातलं की भोक किंचित तिरपं जाताना कळतं. त्या तिरकेपणाच्या उलट दिशेने नजर नेली की गोळा कुठून आला ते समजतं. समोरून नव्हे, बगलेतून. दबा धरून बसलेल्या त्या माणसांची अख्खी चाल त्या चार बोटं रुंदीच्या भोकात लिहिलेली आहे.

म्हणून मला राग येतो तो भोकात लांबी, म्हणजे पुटी, भरण्याचा. एका ठिकाणी मोठे साहेब भेटीला येणार म्हणून अशाच एका रणगाड्याची भोकं लांबी भरून घासली, वर चकचकीत हिरवा रंग मारला. रणगाडा नवाकोरा दिसायला लागला आणि मुका झाला. मूळ खुणा, पलटणीचं चिन्ह, नंबर, सगळं दरवर्षीच्या रंगाखाली जातं. रंग लावू नका असं मी म्हणत नाही. पण आधी फोटो काढा, नंबरची पट्टी वाचून वहीत उतरवा, जुन्या खुणांचा तुकडा तसाच राहू द्या, आणि भोकाला हात लावू नका.

बाकी शत्रू दोनच, पाणी आणि ऊन. चौथऱ्यावर ठेवताना झाकणं वेल्डिंग करून बंद करतात, पण रबरी सील आपल्या उन्हाळ्यात तडकतात आणि पावसाचं पाणी आत उतरतं. बाहेर रंग ताजा असतो आणि आतून तळ सडत असतो. जाड पोलादाला वेळ लागतो. मडगार्ड, सामानाच्या पेट्या, इंजिनावरच्या जाळ्या आधी जातात. तुमच्या कॉलेजसमोर किंवा चौकात असा रणगाडा असेल तर मृगाच्या आधी तळातले निचऱ्याचे बूच उघडून घ्या, आतला पालापाचोळा काढा. वर नुसतं पत्र्याचं छप्पर टाकलं तरी दहा वेळा रंग देण्यापेक्षा ते जास्त कामाला येतं.