आज ब्लॉगचे आकडे बघत बसलो

सकाळपासून ब्लॉगचा सर्च अहवाल उघडून बसलो होतो. सुट्या झालेल्या वहीची पानं घरी कशी शिवायची, यावर चार वर्षांपूर्वी एक लेख लिहिला होता. तो आजही शोध निकालांच्या पहिल्या पानावर दिसतो. इम्प्रेशन्स, म्हणजे निकालांत लेख किती वेळा दिसला तो आकडा, वाढलीत, क्लिक मात्र निम्म्याच्याही खाली. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. तोच प्रश्न टाईप केला, तर सगळ्यात वर एआयनं तयार केलेलं उत्तर. ‘दोरा आधी मेणावरून ओढून घ्या’ हे माझं वाक्य त्यात जवळजवळ जसंच्या तसं. लिंक होती, पण बारीक, कडेला. वाईट वाटलं.

बदल आम्हा ब्लॉगवाल्यांना नवे नाहीत. गूगलनं शोध निकालांची क्रमवारी ठरवण्याची पद्धत याआधीही बदलली: २०११ च्या पांडा अपडेटनं उथळ मजकुराचे कारखाने खाली ओढले, २०१२ च्या पेंग्विननं विकतच्या लिंकांना चाप लावला. ते योग्यच झालं. पण तेव्हा वाचक लेखापर्यंत यायचा तरी!

दुपारी न्यूजलेटरच्या एका वाचक ताईंचा मेल आला. सोबत वडिलांच्या जुन्या वहीचा फोटो, शिवण सरळ, फक्त शेवटी दोरा सैल. “दादा, गाठ सुटतेय, काय करू?” याचं उत्तर त्यांना कुठं मिळालं नव्हतं, कारण मीच ते नीट लिहिलं नव्हतं. दोन वेळा स्वतः शिवून बघितलं, फोटो काढले, त्यांना सविस्तर कळवलं. आता न्यूजलेटरची नोंदणी लेखाच्या तळातून उचलून वर आणतोय, आणि गाठीवरचा लेख आज रात्रीच लिहायला घेतलाय.