तिकिटाची मागची बाजू

महाराष्ट्र शासनाची लॉटरी 1969 सालापासून सुरू आहे. 1998 च्या केंद्रीय लॉटरी नियमन कायद्याने अशा योजनांना चौकट घालून दिली: तिकिटे राज्य सरकारनेच, आपल्या मुद्रेसह, खात्रीलायक सुरक्षित पद्धतीने छापायची, सोडत राज्याच्या हद्दीतच काढायची आणि एका अंकावर बक्षीस ठेवायचे नाही.

निकाल तिकिटावरील मालिका आणि क्रमांक या दोन्हींशी ताडून पाहावा लागतो; क्रमांक जुळला पण मालिका वेगळी निघाली, तर पहिल्या बक्षिसाचा आनंद तेवढ्यावरच थांबतो. लहान रकमा बहुधा विक्रेताच देतो. मोठ्या बक्षिसासाठी मात्र मूळ तिकीट, मागणी अर्ज, ओळखपत्र, पॅन आणि बँक खात्याचा तपशील लॉटरी कार्यालयात द्यावा लागतो. तिकिटाच्या मागे नाव, पत्ता आणि सही विकत घेतल्याबरोबर करावी, असे माझे मत आहे, कारण कोऱ्या पाठीच्या हरवलेल्या तिकिटावर हक्क सांगणे फार अवघड जाते. फाटलेले किंवा खाडाखोड केलेले तिकीटही अडचणीत आणते.

रकमेवर 30 टक्के प्राप्तिकर, शिवाय उपकर लागतो. तिकिटांचा खर्च त्यातून वजा करता येत नाही. मुदतीत न मागितलेले बक्षीस कायद्यानुसार सरकारजमा होते.