भाच्याने दाखवलेला आलेख

"मामा, सगळे विचारतात, कॉम्प्युटर बंद कधी करणार? काय करतोयस, हे कुणीच विचारत नाही."

आज विश्रामबागेत चहा पिताना भाचा हे बोलला. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

म्हटलं, दाखव की मग. त्याने मोबाईलवरच दाखवलं: आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीचा आलेख, स्वतः प्रोग्रॅम लिहून केलेला. रोजचा आकडा टाकला की रेघ पुढे सरकते. ४० फुटांवर पिवळी खूण, इशारा पातळी. ४५ वर लाल, धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्या लाल खुणेच्या कितीतरी वर गेलं होतं, तेव्हा हा शाळेत होता. सांगलीच्या पोराला हे सुचणारच!

डिप्लोमाचं सबमिशन मागे पडलंय, क्रिकेट सुटलंय. ते मला पटत नाही, तसं स्पष्ट सांगितलं.

पण लिनस टोरवाल्ड्सनेही १९९१ मध्ये विद्यार्थी असतानाच लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली लिहायला सुरुवात केली, आणि लवकरच ती इतरांपुढे ठेवली. चुका दाखवणारे, भर घालणारे त्यातूनच भेटले. आमचा हा मात्र रात्री खोलीत एकटाच असतो, आणि मला काळजी वाटते ती त्या एकटेपणाची.

अशी पोरं एकत्र बसून काम करतील, अशी एखादी जागा सांगलीत कुणाला माहीत आहे का?