आमची वाटचाल : ऑपरेटिंग रॉड ते बचाव संच

आमचा धंदा सुरू झाला आयसोलेटरच्या, म्हणजे वीजवाहिनी तोडणाऱ्या स्विचच्या, ऑपरेटिंग रॉडपासून. विजेला चिकटलेल्या माणसाला लांबून ओढून काढायचा रेस्क्यू हूक त्यातूनच निघाला: दांडा तोच, फक्त टोकाला मोठा आकडा. हा आकडा माणसाच्या छातीभोवती बसला पाहिजे, म्हणून त्याचं तोंड साधारण ४५ सेंटीमीटर ठेवतो. आकड्यावरच्या प्लॅस्टिकच्या आवरणाला इन्सुलेशन समजू नये. खरं इन्सुलेशन हँडगार्डपासून (हात पुढे सरकू नये म्हणून दांड्यावर असलेली कडा) आकड्याच्या बुडापर्यंतच्या दांड्याचं.

खरी मेहनत दांड्यात आहे. पोकळ फायबरग्लास नळीत हवेतला ओलावा साचतो आणि गळती करंट आतल्या आत हातापर्यंत येतो. बाहेरून नळी कोरडी ठाक. म्हणून आम्ही आयईसी ६०८५५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे फोम भरलेल्या नळीवर आलो. त्यातही एक मेख आहे: आकडा बसवायला रिव्हेटचं भोक पाडलं की तिथूनच पाणी शिरतं. ते भोक आणि कापलेली टोकं इपॉक्सीनं बंद केल्याशिवाय दांडा चाचणीला जात नाही.

नुसता हूक विकणं पुढे आम्ही थांबवलं. आता सगळा संच भिंतीवरच्या एका फळीवर टांगून देतो; त्यात हूकसोबत रबरी हातमोजे, वरून घालायचे चामडी मोजे, रबर मॅट, व्होल्टेज डिटेक्टर आणि उरलेला चार्ज जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड असतो. ऑर्डरमध्ये बहुतेक जण नुसतं ‘एचटी ग्लोव्ह्ज’ (उच्च दाबाचे मोजे) लिहितात, त्यावरून काहीच ठरत नाही. आयईसी ६०९०३ नुसार क्लास १ चे मोजे ७,५०० व्होल्टपर्यंतच चालतात. ११ केव्हीला क्लास २ लागतो, ३३ केव्हीला क्लास ४. फळी स्विचगिअरच्या (ब्रेकर-स्विचच्या पॅनलच्या) खोलीबाहेर, दाराशी, सावलीत आणि बिनकुलपाची हवी. पॅनलच्या मागच्या भिंतीवर लावली तर अपघाताच्या वेळी तिथवर जाणार कोण?

अपघात झाला की आधी सप्लाय बंद करायचा. तो लगेच बंद होत नसेल तरच हूक उचलायचा. मोजे घालून, मॅटवर उभं राहून, हात हँडगार्डच्या मागे ठेवायचे. आकडा काखेखालून छातीभोवती घालायचा, मानेत कधीच नाही, आणि एका दमात मागे ओढायचं. ब्रेकर पडला तरी कपॅसिटर आणि लांब केबलमध्ये चार्ज उरतो. डिस्चार्ज आणि अर्थिंग झाल्याशिवाय हात लावू नये. माणूस बाजूला आला आणि श्वास नसेल तर लगेच छातीवर दाब, मिनिटाला १०० ते १२०.

आज आमचं निम्मं काम फेरचाचणीचं आहे. मोजे नापास होतात ते बहुधा घडी घालून ठेवल्यामुळे: ताणलेल्या घडीवर ओझोननं बारीक चिरा पडतात. मोज्याचं मनगटाकडचं तोंड गुंडाळून आत हवा कोंडली आणि मोजा कानाशी धरला की गळती ऐकू येते. ही तपासणी वापरणाऱ्यानं दर वेळी करायची. विद्युत चाचणी सहा महिन्यांनी. दांड्यावर खोल ओरखडा किंवा काचेचे तंतू उघडे दिसले तर तो वापरातून काढायचा, कारण धूळ आणि ओल तिथेच धरते. नापास मोजा आम्ही मनगटापाशी कापूनच परत देतो. अखंड दिला तर तो पुन्हा त्याच खुंटीला लागतो.