हॉट लॅब ते रिपोर्ट: न्यूक्लिअर मेडिसिनमधलं माझं प्रशिक्षण

भौतिकशास्त्र शिकून रुग्णालयात काम करायचं ठरवलं, की बहुतेकांना आधी रेडिओथेरपी आठवते. न्यूक्लिअर मेडिसिनकडे, म्हणजे किरणोत्सारी औषध शरीरात देऊन तपासणी किंवा उपचार करणाऱ्या शाखेकडे, त्या मानाने थोडेच जण वळतात. मी वळले, प्रशिक्षण पूर्ण केलं, आणि आता जे विद्यार्थी जागा शोधत आहेत त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. कुठल्या संस्थेत अर्ज करावा हे मी सांगणार नाही. नियम जागोजागी वेगळे असतात. पण हॉट लॅबमध्ये (किरणोत्सारी औषधं तयार करण्याच्या खोलीत) आणि गॅमा कॅमेऱ्यासमोर (त्या औषधातून निघणाऱ्या किरणांचं चित्र घेणाऱ्या यंत्रासमोर) जे शिकायचं असतं ते सगळीकडे सारखंच असतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. पदवी हातात आली म्हणून रुग्णाच्या डोसवर किंवा रिपोर्टातल्या आकड्यावर सही करता येत नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा एजन्सीने न्यूक्लिअर मेडिसिनमधल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या क्लिनिकल प्रशिक्षणाची मार्गदर्शिका 2011 मध्ये काढली. तिच्यात किमान दोन वर्षांच्या पूर्णवेळ, देखरेखीखालच्या प्रशिक्षणाची अपेक्षा आहे. मला सुरुवातीला हा काळ फार वाटला होता. आता वाटत नाही.

जागा निवडताना बहुतेक जण यंत्रांची यादी बघतात. पेट-सीटी कोणत्या कंपनीचं, किती नवं, असं. माझ्या मते विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. विभागाचा स्वतःचा टेक्नेशियम जनरेटर, म्हणजे स्कॅनसाठीचं किरणोत्सारी टेक्नेशियम जागच्या जागी काढून देणारं उपकरण, आहे का, की औषधं भरलेल्या सिरिंजा बाहेरून येतात? आयोडीन-131 या किरणोत्सारी आयोडीनची उपचारखोली आहे का? जीएफआरची, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाची, रक्तचाचणी होते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, माझ्या कामावर सही करणारी व्यक्ती आठवड्यातून ठरलेला वेळ माझ्याबरोबर बसणार आहे का? मुलाखतीत मी हे सगळं विचारलं. शेवटच्या प्रश्नाला तिथल्या प्रमुख मॅडमनी थेट उत्तर दिलं, वार आणि वेळ सांगितली, आणि मी तिथेच मन पक्कं केलं.

पहिले काही आठवडे हॉट लॅबमध्ये गेले. तिथलं काम सकाळी सगळ्यांच्या आधी सुरू होतं. जनरेटरमध्ये अॅल्युमिनाच्या स्तंभावर मॉलिब्डेनम-99 बसलेलं असतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ, 66 तास. त्याच्यापासून टेक्नेशियम-99एम तयार होत राहतं, त्याचं अर्धायुष्य 6 तास. सलाइन ओढलं की टेक्नेशियम बाहेर येतं आणि मॉलिब्डेनम स्तंभावरच राहतं, निदान राहायला हवं. म्हणून दर वेळी मॉलिब्डेनम झिरपलं का ते मोजायचं आणि नोंदवायचं. सुट्टीनंतरच्या सकाळी जनरेटरमधून बराच वेळ टेक्नेशियम काढलेलं नसतं. त्या द्रावणात आधीच क्षय पावून उरलेलं टेक्नेशियम-99 जास्त असतं आणि काही किटमध्ये (टेक्नेशियम ज्यात मिसळून औषध बनवतात त्या तयार कुप्यांमध्ये) औषध नीट जुळत नाही. पुस्तकात हे वाक्य मी वाचलं होतं. पण सोमवारी कोणतं किट आधी बनवायचं आणि कोणतं दुसऱ्या वेळच्या द्रावणासाठी राखून ठेवायचं, हे हॉट लॅबमध्ये काम करणाऱ्या दादांनी दाखवलं तेव्हा त्याचा अर्थ कळला.

तयार औषधाची शुद्धता क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर तपासतात. पट्टी छोटीशी, काम पाच-दहा मिनिटांचं, म्हणून घाईच्या दिवशी ती टाळण्याचा मोह होतो. आमच्याकडे तो कुणालाही परवडत नसे. औषधाला न जुळलेलं मोकळं परटेक्नेटेट (टेक्नेशियमचं सुटं रूप) जास्त राहिलं, तर हाडांच्या स्कॅनमध्ये थायरॉइड आणि जठर चमकायला लागतं. मॅडमनी मला तसा एक जुना स्कॅन दाखवला, शेजारी त्या दिवशीच्या पट्टीची नोंद ठेवली आणि म्हणाल्या, “हे दोन्ही एकच कागद समज.” तेव्हापासून मी पट्टीकडे रुग्णाच्या चित्राचा पहिला भाग म्हणून बघते.

हातांची सवय लावणं हा वेगळाच अभ्यास. बिंदूसारख्या स्रोतापासून एक सेंटिमीटरऐवजी दहा सेंटिमीटर अंतर ठेवलं, की डोस शंभरपट कमी होतो. म्हणून चिमटा. सिरिंजला टंगस्टनचं कवच. अंगठीतला डोसिमीटर तर्जनीच्या मुळाशी, आत वळवलेला. तरीही बोटाच्या टोकाला मिळणारा डोस अंगठीतल्या आकड्याच्या कितीतरी पट असू शकतो, हे लक्षात ठेवावं लागतं. हातांसाठी वर्षाची मर्यादा 500 मिलिसिव्हर्ट, संपूर्ण शरीरासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20. या मर्यादांच्या खूप खाली राहणं हेच अपेक्षित असतं. पाण्याने भरलेल्या, कसलाही किरणोत्सार नसलेल्या सिरिंजांवर मी तोवर सराव केला, जोवर हात न थबकता चालत नव्हते. नव्याने येणाऱ्यांना मी हेच सांगेन: गरम, म्हणजे किरणोत्सारी, सिरिंजेला हात लावायची घाई करू नका, कुणी घाई करत असेल तरी.

लेडच्या एप्रनबद्दलही गैरसमज असतो. टेक्नेशियमचे किरण 140 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, त्यांना एप्रन बऱ्यापैकी अडवतो. पेटमध्ये वापरतात त्या फ्लोरिन-18 च्या 511 च्या किरणांना तो जवळजवळ अडवतच नाही. तिथे अंतर आणि वेगच कामाला येतो.

मग कॅमेरा. रोज सकाळी रुग्ण येण्याआधी कोबाल्ट-57 चा सपाट स्रोत ठेवून समरूपता तपासायची. चित्र सगळीकडे सारखं करडं दिसायला हवं. एका सकाळी एका कोपऱ्यात फिकट गोल डाग दिसला. यंत्राने काढलेला टक्केवारीचा आकडा मर्यादेत होता, पण डाग डोळ्यांना दिसत होता. बाहेर पहिले रुग्ण येऊन बसले होते, त्यातल्या एकांना इंजेक्शन देऊन झालं होतं. मॅडमनी विचारलं, “मी आज नसते तर काय केलं असतंस?” मी म्हटलं, त्यांना दुसऱ्या कॅमेऱ्यावर घेऊ, आणि या कॅमेऱ्यावर आज स्पेक्ट (कॅमेरा रुग्णाभोवती फिरवून घेतलेलं त्रिमितीय चित्र) नाही. फिरत्या कॅमेऱ्यावर असा डाग प्रत्येक कोनात त्याच जागी राहतो आणि पुनर्रचनेत कडं होऊन उमटतो. हृदयाच्या स्नायूत तसं कडं कापलं गेलं, तर रक्तपुरवठा कमी असल्याचा भास होऊ शकतो. मॅडमनी मान डोलावली आणि फोन करायला मलाच सांगितलं. नंतर कॅमेऱ्यातला क्षीण प्रकाश विद्युत संकेतात बदलून वाढवणाऱ्या एका फोटोमल्टिप्लायर नळीचा गेन, म्हणजे वाढवण्याचं प्रमाण, सरकल्याचं निघालं. यंत्र थांबवण्याचा निर्णय तोंडाने उच्चारणं, रांग वाढणार हे माहीत असताना, हे मला आजवरच्या कुठल्याही गणितापेक्षा अवघड वाटलं.

पण मी जिथे सगळ्यात जास्त शिकले ती चाचणी दिसायला अगदी साधी आहे. जीएफआर. मूत्रपिंडं मिनिटाला किती रक्तद्रव गाळतात ते मोजायचं. टेक्नेशियम-डीटीपीए हे मूत्रपिंडांतून गाळलं जाणारं औषध शिरेतून द्यायचं, साधारण दोन ते चार तासांच्या दरम्यान रक्ताचे नमुने घ्यायचे, वेल काउंटरमध्ये (नमुन्यातला किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रात) मोजायचे, लॉगरिदमच्या कागदावर रेषा काढायची. उतार आणि सुरुवातीचा बिंदू यावरून आकडा निघतो, मग सुरुवातीच्या वेगवान टप्प्यासाठी ब्रोशनर-मॉर्टेन्सेन दुरुस्ती. चित्र नाही, रंग नाही, एक आकडा फक्त.

हा आकडा पुढे कुठे जातो हे कळलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसले. कार्बोप्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधाची मात्रा कॅल्व्हर्टच्या सूत्राने ठरते: अपेक्षित एयूसी (रक्तात औषध एकूण किती आणि किती वेळ राहावं याचं माप) गुणिले (जीएफआर अधिक 25). एयूसी 5 आणि जीएफआर 90 असेल तर मात्रा 575 मिलिग्रॅम. तोच जीएफआर चुकून 110 आला तर 675. शंभर मिलिग्रॅम जास्त औषध, आणि त्यामागे आमच्या खोलीतला एक आकडा. शिवाय या सूत्रात शरीराच्या पृष्ठफळाशी, म्हणजे 1.73 चौरस मीटरशी, जुळवून घेतलेला आकडा चालत नाही. मूळ, न जुळवलेला लागतो. रिपोर्टात दोन्ही असतात. कोणता कुठे वापरायचा हे ठळक लिहिणं हा आमच्या कामाचा भाग आहे, ऑन्कॉलॉजीच्या डॉक्टरांनी ओळखून घ्यावं असं नाही.

म्हणून त्या एका आकड्यामागची प्रत्येक पायरी मी मुळापासून केली. सिरिंज इंजेक्शनच्या आधी आणि नंतर वजन करायची. तुलनेसाठीचं मानक द्रावण तितक्याच काळजीने पातळ करायचं. विभागातली सगळी घड्याळं जुळवायची, कारण टेक्नेशियम तासाला सुमारे 11 टक्के कमी होतं. इंजेक्शनच्या खोलीतलं घड्याळ आणि काउंटरच्या संगणकातलं घड्याळ यांत दहा मिनिटांचा फरक असला, की क्षयाची दुरुस्ती तितकी ढळते. इंजेक्शनची जागा कॅमेऱ्याखाली बघायची, औषध शिरेबाहेर तर गेलं नाही ना. गेलं असेल तर ते हळूहळू रक्तात येत राहतं आणि येणाऱ्या आकड्याचा भरवसा उरत नाही. त्यातली भीतीची गोष्ट अशी, की तो आकडा अनेकदा अगदी शहाण्यासारखा, नॉर्मल दिसतो.

एका रुग्णाचे तीन नमुने रेषेवर बसेनात. मधला बिंदू वर होता. नियमाप्रमाणे सहसंबंधाचा गुणांक, म्हणजे बिंदू रेषेवर किती नीट बसतात याचं माप, बघितला, तो सीमेवर. मी नमुना पुन्हा मोजला, पिपेटची नोंद तपासली, वेळा तपासल्या. मग नर्सताईंना विचारलं. त्या क्षणभर आठवून म्हणाल्या, मधला नमुना ज्या हाताला इंजेक्शन दिलं त्याच हातातून घ्यावा लागला, दुसऱ्या हाताची शीर मिळेना. त्यांनी तसं कागदाच्या मागे लिहिलंही होतं, पण संगणकाच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. इंजेक्शनच्या हातात राहिलेलं औषध नमुन्यात मिसळलं असू शकतं, म्हणून आम्ही रिपोर्ट दिला नाही. रुग्णाला पुन्हा बोलावलं, कारण समजावून सांगितलं, आणि त्या फॉर्ममध्ये ‘कोणता हात’ हा रकाना मी सुचवला, तो आला. माझ्या पोर्टफोलिओतला सगळ्यात चांगला पुरावा हाच ठरला. परीक्षकांनी सर्वाधिक प्रश्न त्याच्यावरच विचारले.

पोर्टफोलिओबद्दल थोडं. प्रत्येक कौशल्यासाठी पुरावा जोडायचा असतो: मोजमापांची तक्ती, केलेलं विश्लेषण, त्यावरची देखरेख करणाऱ्यांची टिप्पणी. काम झालं त्याच आठवड्यात लिहा. नंतर लिहिलेल्या नोंदीत काय केलं ते उतरतं, का केलं ते निसटतं, आणि मूल्यमापन सगळं त्या ‘का’चं असतं. रुग्णाचं नाव, क्रमांक, तारीख काढून टाकायला विसरू नका, स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यातसुद्धा. रेडिओथेरपी आणि क्ष-किरण विभागातले फेरे मात्र माझ्यासाठी लवकर आटपले; त्यांनी क्षितिज वाढवलं, यापलीकडे सांगण्यासारखं फार नाही.

आयोडीन-131 ची खोली हा वेगळा धडा. थायरॉइडच्या कर्करोगासाठी दिला जाणारा डोस काही गिगाबेकेरेलचा (हे किरणोत्साराचं एकक) असतो, अर्धायुष्य आठ दिवसांचं. भिंतींची जाडी, सांडपाण्याच्या टाक्या, एक मीटरवरचं मोजमाप, हे सगळं शिकता येतं. रुग्णाशी बोलणं शिकायला वेळ लागतो. लहान मूल असलेल्या आईला घरी गेल्यावर किती दिवस बाळाला कुशीत घेता येणार नाही, हे सांगायचं असतं. अंगावर पाजणाऱ्या आईला या बाळाचं स्तनपान पूर्ण थांबवावं लागेल, हे उपचाराच्या बरंच आधी सांगावं लागतं. मॅडम आकडा सांगण्याआधी घरात किती खोल्या, बाळाला रात्री कोण बघतं, हे विचारत. उत्तर ऐकून त्या सूचना बदलत, मोजमापाला धरूनच. मी त्यांच्याजवळ बसून ऐकलं, मग त्यांच्यासमोर बोलले, मग एकटी. या क्रमात कुठलीही पायरी गाळायला मी तयार नव्हते आणि त्यांनीही घाई केली नाही.

शेवटच्या तोंडी परीक्षेत सूत्रं फारशी विचारली नाहीत. प्रसंग दिले. कॉरिडॉरमध्ये सिरिंज पडून फुटली, काय कराल? आधी माणसं थांबवायची, कुणाला जाऊ द्यायचं नाही, कारण बुटांच्या तळव्यांनी ते दूरवर जातं. मग शोषक कागद, सीमा आखणं, बाहेरून आत पुसत येणं, प्रत्येक वेळी मोजणं. पुढचा प्रश्न: जनरेटर आलाच नाही, तुमच्याकडे कालच्याचं थोडं टेक्नेशियम आहे, कुणाला आधी? मला 2009 चं उदाहरण आठवलं. मॉलिब्डेनम-99 बनवणारी कॅनडातली चॉक रिव्हरची एनआरयू अणुभट्टी गळतीमुळे त्या मे महिन्यात बंद पडली आणि ऑगस्ट 2010 पर्यंत बंद राहिली. जगभर मॉलिब्डेनमची टंचाई झाली. त्या काळाबद्दल मी वाचून ठेवलं होतं, म्हणून उत्तर यादीसारखं दिलं नाही: ज्या चाचणीला पर्याय आहे ती पुढे ढकलायची, कमी डोसमध्ये जास्त वेळ चित्र घेता येत असेल तर तसं, आणि कोणाची चाचणी थांबली तर उपचार थांबतो हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं. भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याने ती रांग लावू नये, हे मी स्पष्ट म्हटलं. परीक्षकांनी त्यावरही वाद घातला, आणि मला तो वाद आवडला.

निकाल लागला, सहीचा अधिकार मिळाला. पण एक विषय माझा कच्चा आहे आणि तो इथे लिहायलाच हवा, कारण बऱ्याच जागांवर तो कमी पडतो: लुटेशियम-177 या किरणोत्सारी द्रव्याने होणाऱ्या कर्करोगाच्या उपचारात अवयवनिहाय डोस काढणं. त्याचे 113 आणि 208 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण कॅमेऱ्यावर पकडता येतात, अर्धायुष्य साडेसहा दिवसांहून थोडं जास्त, म्हणजे रुग्णाला लागोपाठच्या दिवसांत पुन्हा पुन्हा कॅमेऱ्याखाली आणून मूत्रपिंडांचा डोस मोजता येतो. आमच्या विभागात रुग्ण कमी, त्यामुळे मला ते हाताने पुरेसं करता आलं नाही. मोठ्या केंद्रात काही महिने जाऊन ते शिकण्याची परवानगी मी मागितली आहे. जागा शोधणाऱ्यांनी मुलाखतीत हा प्रश्नही जरूर विचारावा.