मधलं अक्षर

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज तो सैनिक सापडला असं वाटतंय. नाव मात्र इथे लिहीत नाही. दीडशेहून जास्त वर्षं एका अक्षरावर राहिलेल्या माणसाला घाईघाईत चुकीचं नाव द्यायचं नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराच्या वुडलॉन दफनभूमीत मी पहिल्यांदा गेले ती एप्रिलमध्ये. टोकदार माथ्याच्या पांढऱ्या संगमरवरी शिळा, ओळीमागून ओळी, अगदी खेटून. बुटाची नाडी बांधायला वाकले तर समोरच एक शेवाळलेली शिळा. पाण्याच्या बाटलीतलं पाणी लावून बोटानं पुसली. नावाचं पहिलं अक्षर, आडनाव, लष्करी कंपनी, नॉर्थ कॅरोलायनाची रेजिमेंट. बस्स. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, तो आपल्या कोण लागतो?" कोणीच लागत नाही. पण तेव्हापासून दर रविवारी त्याच्यामागे आहे.

अमेरिकन यादवी युद्धात पकडलेल्या दक्षिणेच्या सैनिकांची इथली कैद्यांची छावणी जुलै १८६४ ते जुलै १८६५ अशी जेमतेम वर्षभर होती. त्यात सुमारे १२,००० कैदी आले आणि जवळजवळ ३,००० गेले. हगवण, देवी, न्यूमोनिया. आवारात साचलेल्या पाण्याचं डबकं होतं आणि थंडी सुरू झाली तरी कितीतरी कैदी तंबूतच होते. माझा माणूस १५ जानेवारी १८६५ला नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरचा फोर्ट फिशर हा किल्ला पडला तेव्हा पकडला गेला. समुद्रकाठच्या वाळूतून उचलून त्याला भर थंडीत इथे आणलं. मार्चमध्ये तो गेला. त्या एका महिन्यात इथे ५००च्या आसपास माणसं मेली.

अडचण अशी की त्याच रेजिमेंटमध्ये त्याच आडनावाचे, त्याच आद्याक्षराचे दोघे होते. चुलत भाऊ असावेत. दोघेही त्याच दिवशी पकडले गेले, पण एक इथे आला आणि दुसरा मेरीलँडमधल्या पॉइंट लुकआउटला. शिवाय आडनाव कागदोकागदी बदलत जातं, कारण कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलं. मला याचं नवल वाटत नाही. इथल्या दवाखान्यात 'क्षीरसागर' पुकारतात तेव्हा मी अंदाजानंच उठते.

पॉइंट लुकआउटवाल्याचं लष्करी नोंदीचं कार्ड वाचताना फार वेळ थांबले. सुटताना अमेरिकेशी एकनिष्ठेची शपथ घ्यावी लागे, आणि शपथपत्रात माणसाचं वर्णन असे. त्यामुळे त्याची उंची कळते, केसांचा रंग कळतो, डोळे निळे होते हेही कळतं. मेलेल्याच्या कार्डावर यातलं काही नाही. रोग, तारीख, कबरीचा नंबर. चेहरा फक्त जगलेल्याला मिळाला.

पण तो कबरीचा नंबर मिळतो, हीच मोठी गोष्ट आहे आणि ती जॉन डब्ल्यू. जोन्स यांच्यामुळे. १८१७ साली व्हर्जिनियातल्या लीसबर्गला गुलामीत जन्मलेला हा माणूस १८४४मध्ये पळून एल्मायराला आला. पुढे इतर पळून येणाऱ्या कितीतरी जणांना त्यांनी कॅनडाच्या वाटेला लावलं. छावणी आली तेव्हा दफनभूमीचं काम त्यांच्याकडेच होतं. एका दफनाचे अडीच डॉलर मिळत. त्यांनी २,९७३ जणांना पुरलं आणि प्रत्येकाचं नाव, कंपनी, रेजिमेंट, तारीख टिपून ठेवली. अनोळखी राहिले फक्त ७. लाकडी फळ्या जाऊन १९०७मध्ये संगमरवर आला तो या नोंदींच्याच आधारावर. दिवसाला दहा-पंधरा पेट्या येत असताना त्यांनी एकेक नाव नीट उतरवलं, तेही त्यांच्यासारख्यांना गुलामीत ठेवू पाहणाऱ्या बाजूच्या सैनिकांचं.

हे मनात असल्यामुळेच गेल्या आठवड्यात १८६०च्या जनगणनेतली गुलामांची वेगळी यादी उघडली. याच्या घरी कोणी गुलाम होता का, हे मला कळायला हवं होतं. यादीत याचं नावच नाही, कारण तिथे फक्त मालकांची नावं असतात. त्यानं मला थोडं हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचा लगेच रागही आला, कारण तो लढला ती बाजू तीच. आणि त्याच यादीत शेजारच्या शेतमालकाचं नाव ठसठशीत लिहिलेलं, खाली नुसते आकडे. वय, लिंग, रंग. गुलामांची नावं नाहीतच. ती लिहायची पद्धतच नव्हती.

आज संध्याकाळी विधवांच्या पेन्शनचे अर्ज चाळत बसले होते. नॉर्थ कॅरोलायनाच्या १९०१च्या कायद्याखालचे. नवऱ्याचं नाव पूर्ण लिहिलेलं, मधल्या अक्षरासकट. तीच कंपनी. एल्मायराच्या कैदेत वारला, असं स्पष्ट लिहिलंय. दुसरा चुलतभाऊ १८७०च्या जनगणनेत जिवंत आहे, म्हणजे तो हा नव्हे. अर्जाच्या तळाशी सहीच्या जागी फुली, फुलीच्या दोन्ही बाजूंना कारकुनानं लिहिलेलं तिचं नाव. फुलीची एक रेघ लांब गेलीय, कागदाच्या कडेपर्यंत. आजी रेशनच्या कागदावर अंगठा उठवायची तेव्हा शाई नेहमी चौकटीबाहेर जायची, तशीच.

छत्तीस वर्षांनी तिनं त्याची रेजिमेंट बिनचूक सांगितली होती.

एक गोष्ट उरलीय. १८६०च्या जनगणनेत बायकोचं नाव जुळतं, पण तिचं वय अर्जातल्या वयाशी चार वर्षांनी चुकतं. लग्नाचा दाखला मिळतो का ते तिथल्या कोर्टाला विचारलंय. तोवर वहीत त्याचं पूर्ण नाव पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. त्याच पानावर खाली, शेजाऱ्याच्या यादीतली एक ओळही उतरवून घेतली: वय १९, स्त्री, काळी. पुढे नावासाठी जागा सोडलीय.