शोभादर्शक, रविवार चौथा : सहावी पाकळी

मागच्या रविवारी पेरिस्कोप झाला. अगरबत्तीचे खोके, ४५ अंशांच्या दोन खाचा, आणि मग तासभर जिन्याच्या कठड्याआडून वॉचमनकाकांवर पाळत. तो सोपाच असतो. शोभादर्शकाने, म्हणजे कॅलिडोस्कोपने, मात्र घाम काढला: तीन आरशांची त्रिकोणी नळी, आत रंगीत तुकड्यांच्या प्रतिबिंबांचं फूल.

आठ पोरं, चोवीस पट्ट्या. पेठेतल्या काचवाल्याकडून साधा आरसा कापून आणला: १५ सेंमी लांब, ३ सेंमी रुंद, ३ मिमी जाड. कडा दोन रात्री बसून ओल्या पॉलिश पेपरवर घासल्या. कंटाळवाणं काम, पण मुलांच्या हातात द्यायच्या तर टाळू नका.

तिन्ही पट्ट्या सारख्या रुंद, म्हणजे त्रिकोणाचे कोन आपोआप ६० अंश, असं मी धरून चाललो. तीन नळ्यांत फूल जुळेचना. पाच पाकळ्या ठीक, सहावी चेपलेली, आणि डोळा जरा हलवला की तिथला सांधा सरकायचा. "काका, तुमच्या नळीत का नाही होत असं?" सहावीतल्या एकीने विचारलं. मला उत्तर येत नव्हतं. दोन्ही नळ्या टोकाकडून शेजारीशेजारी धरल्या तेव्हा दिसलं: माझ्या नळीत प्रत्येक पट्टीची एक कड पुढचीला टेकलेली, फेर धरल्यासारखी. तिच्या नळीत एक पट्टी झाकणासारखी बाकी दोघींवर पालथी. काचेच्या जाडीने त्या एकाच बाजूची रुंदी दोन्हीकडून खाल्ली, त्रिकोण समद्विभुज झाला आणि ६० चे कोन गेले. टेप सोडवून फेर धरायला लावला, फूल जुळलं.

मग उलट्या क्रमाने शिकवलं. दोन आरसे टेपने पुस्तकासारखे जोडायचे, मधोमध रुपयाचं नाणं. ९० अंशांना खऱ्यासकट चार नाणी, ६० ला सहा, ४५ ला आठ. ३६० ला कोनाने भागायचं हे पोरांनीच शोधलं. एकाने हट्टाने ७२ अंश लावून पाच मिळवली. नाणं मध्यावरून बाजूला सरकव म्हटलं, तर मागच्या सांध्यावर मेळ बसेना. भागाकार सम आला तरच नक्षी बिनचूक जुळते. डेव्हिड ब्रूस्टरने १८१६ मध्ये हे खेळणं काढलं, तेव्हापासून ही अट आहे.

आत घालायला तुळशीबागेतून बांगड्यांचे तुकडे आणले होते. मी "फुटक्या बांगड्या" म्हणालो तर एका आजींनी तिथेच टोकलं, "वाढलेल्या म्हणावं." बरं, वाढलेल्या. कोरडे तुकडे खळकन एका बाजूला पडतात, म्हणून नळीच्या टोकाच्या डबीत ग्लिसरीन भरलं. आता ते आळसावल्यासारखे घरंगळतात. एका डबीतले पांढरे, पारदर्शक तुकडे मात्र चक्क गायब! काच आणि ग्लिसरीन प्रकाशाला जवळजवळ सारखंच वळवतात, त्यामुळे कडाच दिसत नाहीत. पोरांना शोभादर्शकापेक्षा हेच जास्त आवडलं, आणि पुढची वीस मिनिटं माझ्या हातून गेली.

राहिलेली अडचण: सांध्यावरची काळी रेघ. साध्या आरशाचा चकाकता थर काचेच्या मागे असतो, म्हणून सांध्यावर प्रतिबिंबं एकमेकांना भिडत नाहीत. पेन्सिलचं टोक टेकवून बघा, टोक आणि प्रतिबिंब यांच्यात फट दिसते. ज्याचा थर पुढच्या बाजूला असतो, त्या आरशात टोकाला टोक भिडतं. तसे आरसे जुन्या, जाडजूड स्कॅनरमध्ये सापडतात (पातळ स्कॅनर घेऊ नका, त्यांत आरसे नसतात). बुधवारी जुन्या बाजारात एक बंद पडलेलं धूड मिळालं. आत लांबट आरसे निघाले, त्यातला एक बाहेर काढताना माझा अंगठा उमटला. हा थर फडक्याने पुसला तर ओरखडे पडतात, म्हणून तो ठसा अजून तसाच आहे. कुणी अशा आरशावरचा ठसा काढला असेल तर कशाने, ते कळवा. तोवर बाकीचे आरसे टिश्यूत गुंडाळून कपाटात, पोरांच्या हाताबाहेर.